बळ थोडे, अंतर मोठे

आपण सत्तरी ओलांडली असेल आणि दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यात आपले बालपण गेले असेल, तर 'शकुंतले'चे वाफेचे इंजिन आपल्या आजही डोळ्यांसमोर असेल. मूर्तिजापूरहून निघून दर्यापूरलगतच्या बनोसा स्थानकावरून अचलपूरकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. मँचेस्टर येथे 1921 मध्ये घडवलेले इंजिन 1923 पासून तिला ओढू लागले आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. सत्तर वर्षांची ती सेवा होती. आज गाडी बंद आहे. परंतु त्या इंजिनाच्या चाकाशी जे घडत असे, तेच आपल्या गुडघ्यात, खुब्यात आणि कमरेत रोज घडत असते. म्हणून आरोग्याच्या या पाक्षिकात यंत्राची गोष्ट सांगण्याचे धाडस करतो आहे.

वाफेचे बळ सरळ रेषेत काम करते. ते दट्ट्याला पुढे ढकलते आणि मागे ढकलते, एवढेच. मग चाक गोल कसे फिरते? दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा चाकाच्या मध्यावर बसवलेला नसतो; तो मध्यापासून काही अंतरावर बसवलेला असतो. सरळ बळ आणि मध्यापासूनचे अंतर एकत्र आले की फिरण्याची क्रिया जन्माला येते. बळ अधिक असेल तर फिरवण्याची ताकद वाढते. अंतर अधिक असेल तरीही ती तितकीच वाढते. या ताकदीला शास्त्राच्या पुस्तकात 'बल-आघूर्ण' म्हणतात आणि मोटार दुरुस्त करणारा कारागीर तिला 'टॉर्क' म्हणतो. आपण तिला 'पीळ देणारे बळ' म्हणू या.

हे आपल्या आजीला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. जात्याचा खुंटा पाळीच्या मध्याशी नसतो, काठाशी असतो. तेलघाण्याचा बैल लाटेला बिलगून चालत नाही. लांब आडव्या दांड्याच्या टोकाशी जुंपलेला असतो. दार ढकलायचे तर कोणी बिजागरीजवळ हात लावत नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बैलबंडी रुतली, की जाणते गडी बंडीला मागून रेटण्याऐवजी चाकाचे वरचे आरे धरून पुढे लोटत. चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू हा टेकू मानला, तर आसापेक्षा चाकाचा माथा त्यापासून दुप्पट अंतरावर असतो. म्हणून तिथे निम्मे बळ पुरते. ज्याला बळ थोडे आहे, त्याने अंतर मोठे घ्यावे, हा या सर्वांचा मथितार्थ आहे. वार्धक्यात बळ घटणे आपल्या हाती नसते. अंतर निवडणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

शरीर नावाचे यंत्र

आपले स्नायूही त्या दट्ट्यासारखेच आहेत. स्नायूला सरळ ओढता तेवढे येते. ढकलता येत नाही, फिरवता येत नाही. तो हाडाला सांध्यापासून थोड्या अंतरावर जोडलेला असतो, म्हणून हाड सांध्याभोवती फिरते. परंतु येथे निसर्गाने एक वेगळाच व्यवहार केला आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर जोडलेला असतो आणि हातातली पिशवी कोपरापासून सुमारे 35 सेंटिमीटरवर असते. म्हणजे कोपर काटकोनात वाकवून आपण 3 किलोची भाजीची पिशवी धरली, तर स्नायूला सातपट, म्हणजे सुमारे 21 किलोइतका जोर लावावा लागतो. निसर्गाने बळाची बचत सोडली आणि चपळाई घेतली. स्नायू थोडासा आखडला की हात झपकन लांबवर फिरतो. तारुण्यात हा सौदा लाभाचा असतो. स्नायू क्षीण झाले की त्याची किंमत जाणवू लागते.

त्यामुळे दोन सूत्रे लक्षात ठेवावी. पहिले, आपण जिथे जोर लावतो ते अंतर वाढवावे. दुसरे, ओझे आपल्यापासून जितके दूर, तितके ते जड. म्हणून ओझ्याचे अंतर घटवावे. पुढे जे सांगायचे आहे, ते सारे या दोन सूत्रांचाच विस्तार आहे.

काठी कोणत्या हातात?

उजवा खुबा किंवा उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठीही उजव्या हातात धरलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. दुखऱ्या बाजूला आधार हवा, असे मनाला सहज वाटते. हिशेब मात्र उलट सांगतो.

चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एका पायावर उभे असतो. समजा, व्यक्तीचे वजन 60 किलो आहे. टेकलेला पाय वगळता उरलेले सुमारे 50 किलो वजन त्या पायाच्या खुब्यापासून सुमारे 10 सेंटिमीटर आत, शरीराच्या मध्याकडे असते आणि कंबर त्या बाजूला झुकवू पाहते. तिला सावरणारा स्नायू खुब्याच्या बाहेरच्या बाजूस सुमारे 5 सेंटिमीटरवर असतो. अंतर निम्मे, म्हणून जोर दुप्पट. त्याला 100 किलोइतके ओढावे लागते. खुब्याच्या सांध्यावर वरचे 50 आणि स्नायूचे 100, असे सुमारे 150 किलो येतात. म्हणजे शरीराच्या वजनाच्या अडीच पट!

आता काठी विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या हातात घ्या. उजव्या खुब्यापासून ती सुमारे 45 सेंटिमीटर दूर टेकते. इतक्या अंतरामुळे तिच्यावर अवघा 6 किलोचा भार दिला, तरी स्नायूचे काम 100 वरून 46 किलोच्या आसपास येते आणि सांध्यावरचा भार 150 वरून सुमारे 90 किलोवर उतरतो. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतील. परंतु सहा किलोंच्या बदल्यात साठ किलोंची सूट देणारा दुसरा सोबती घरात मिळणे कठीण. तीच काठी दुखऱ्या बाजूला धरली, तर ती खुब्याच्या अगदी शेजारी टेकते आणि अंतराचा हा लाभ बहुतांशी हातचा जातो.

म्हणून काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे पडावी. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाची घडी जिथे येते, तितकी काठीची मूठ उंच असावी. खालचे रबर झिजले की लगेच बदलावे. अर्धांगवायूने एक हात दुबळा झाला असेल, तर काठी साहजिकच चांगल्या हातात येईल. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हेही विसरू नये.

ज्वारीचे ताट आणि वाकलेली पाठ

भरल्या कणसांची उंच ज्वारी वादळी पावसात आडवी पडते, हे आपण वावरात पाहिले आहे. बुंधा तोच, मुळे तीच. परंतु वर कणीस जड झालेले असते आणि वारा उंचावर लागतो. उंची हेच अंतर असल्यामुळे बुडाशी पीळ देणारे बळ वाढते आणि ताट लोळते.

पाठीला पोक आले की मस्तक आणि छाती पायांच्या पुढे जातात. अशा वेळी उंबऱ्याला, सतरंजीच्या कडेला किंवा विजेच्या वायरीला पाऊल अडले, की पाऊल थांबते आणि वरचे शरीर त्या पावलाभोवती पुढे फिरते. पडणे ही अशी एक फिरण्याचीच क्रिया आहे. बाजूला पडून खुब्यावर आदळणे ज्येष्ठांसाठी विशेष घातक ठरते आणि अशी पडझड चालता चालता झटकन वळताना होण्याचा संभव अधिक असतो. 'अहो, ऐकता का?' अशी हाक पाठीमागून आली, की पाऊल जागेवर ठेवून कमरेतून गर्रकन वळण्याची सवय आपल्याला असते. ती मोडावी. वळताना चार लहान पावले टाकून संपूर्ण शरीर वळवावे. घरच्या मंडळींनीही ज्येष्ठांना मागून हाक मारण्याऐवजी समोर येऊन बोलावे. या सौजन्याला खर्च काहीच नाही.

कानातली गिरकी

आपण फिरतो आहोत, हे मेंदूला कळवणारे यंत्र कानाच्या आतील भागात आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या. त्यांत द्रव असतो. मान फिरली की नलिका फिरते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो; त्या फरकावरून मेंदूला गिरकी कळते. लहानपणी गरगर फिरून थांबल्यावर घर फिरताना दिसे, कारण आपण थांबलो तरी द्रव थांबलेला नसे.

उतारवयात कधी कधी कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून या नलिकांत शिरतात. मग अंथरुणात कूस बदलताच किंवा वर पाहताच घर गरगरते. हा झटका बहुधा मिनिटभराच्या आत ओसरतो. तो भयानक वाटतो, परंतु कानाचे डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर नेऊ शकतात. अनेकांना तेवढ्यानेच आराम पडतो. तोवर उठताना आधी कुशीवर, मग बसून, थोडे थांबून उभे राहावे. मात्र चक्करेबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक बाजू लुळी पडली किंवा एकाच्या जागी दोन दिसू लागले, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

सांभाळणाऱ्याची पाठ

आता दोन शब्द शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. बऱ्याच घरांत ही जबाबदारी पत्नीवर, सुनेवर किंवा लेकीवर असते आणि रुग्णाच्या पाठोपाठ तिचीच कंबर धरते. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे सुमारे 5 सेंटिमीटरवर असतात. 10 किलोची बादली 40 सेंटिमीटर पुढे धरून उचलली, तर केवळ त्या बादलीपायी स्नायूंना 80 किलोइतके ओढावे लागते. तीच बादली अंगाशी, 20 सेंटिमीटरवर घेतली तर 40. त्यातच उचलता उचलता कमरेतून पीळ दिला, तर मणक्यांमधील गादीवर दुहेरी ताण येतो. म्हणून आधी जवळ जावे, गुडघ्यात वाकावे आणि वळायचे असेल तर पावलांनी वळावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायची तर त्याला उचलू नये, फिरवावे. ज्या कुशीवर वळवायचे, त्या बाजूला आपण उभे राहावे. त्यांचा पलीकडचा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवावे. उभा राहिलेला तो गुडघा म्हणजे जात्याचा खुंटाच! एक हात त्या गुडघ्यावर, दुसरा पलीकडच्या खांद्यामागे ठेवून आपल्याकडे हलकेच ओढले, की कंबर आपोआप वळते. दुबळा पडलेला हात धरून कधीही ओढू नये. खांदा निखळू शकतो. खुब्याचे हाड मोडले असेल किंवा सांधा बदललेला असेल, तर ही कृती डॉक्टरांना विचारूनच करावी.

खुर्चीतून उठवताना बगलेत हात घालून ओढण्यापूर्वी बैठक पाहावी. खुर्ची बुटकी असेल तर मांडी आडवी राहते, शरीराचे वजन गुडघ्यापासून दूर पडते आणि गुडघ्यावर सर्वाधिक पीळ येतो. बैठक उंच करावी, शौचालयातही उंच आसन बसवावे. ज्येष्ठांनी खुर्चीच्या कडेवर सरकून पाऊले मागे घ्यावी, नाक पायांच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे झुकावे आणि खुर्चीचे हात दाबून उठावे. पुष्कळांना मग केवळ पाठीवरचा एक हात पुरतो.

व्हीलचेअर उंबऱ्यावर अडते ती पुढच्या लहान चाकांमुळे. बैलबंडीची चाके मोठी का असत, हे येथे कळते. चाक जितके मोठे, तितका अडथळा त्याच्यासाठी लहान. खुर्ची उलटी फिरवून मागची मोठी चाके आधी उंबऱ्यावरून ओढून घ्यावी. एखादी पायरी उतरतानाही पाठीकडूनच उतरवावे.

नळ, किल्ली आणि स्वाभिमान

अखेर एका नाजूक गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. नळाची गोल चकती फिरत नाही, बरणीचे झाकण उघडत नाही, किल्ली वळत नाही, म्हणून दिवसातून दहा वेळा कोणाला तरी हाक मारावी लागते. हाक मारणारा मनातून दरवेळी थोडा खचतो आणि मग हळूहळू हाक मारणेच सोडतो. पाणी कमी पितो, खोलीतच बसून राहतो.

यातले पुष्कळ थोड्या खर्चात टळते. गोल चकतीऐवजी लांब दांडीचा नळ बसवावा. किल्लीच्या छिद्रात जाड लाकडी दांडी घट्ट बसवावी. दाराला गोल मुठीऐवजी दांडीची कडी असावी. चमच्याच्या आणि सुरीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी. उलट भरलेला कुकर एका लांब मुठीवर कधीही तोलू नये. तिथे अंतर ओझ्याच्या बाजूने असते. दोन्ही हातांनी धरावा आणि शक्य तिथे ओट्यावर सरकवावा.

या पंधरवड्यात घरातील ज्येष्ठांसोबत एकदा घरभर हिंडावे आणि कुठे कुठे हात अडतो, ते त्यांनाच विचारावे. त्यांची शक्ती परत आणून देणे आपल्याला जमणार नाही. वीतभर लांबीची दांडी मात्र आपण नक्कीच देऊ शकतो, आणि तेवढ्यावर त्यांना स्वतःचा पाण्याचा पेला स्वतः भरता येतो.