लागणीआधी लस



पावसाळ्याच्या तोंडाला गोठ्यातल्या जनावरांना घटसर्पाची लस टोचून घ्यायची, हे आपल्यापैकी कोणाला सांगावे लागत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस गावात आल्याचे कळले, की आपण हातातले काम टाकून गाई-बैल दावणीला बांधून ठेवतो. लाळ्या-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी द्यायची, हेही आपल्याला पाठ आहे. परंतु गोठ्याला लागूनच आपले घर आहे आणि त्या घरातल्या माणसांसाठीही फ्लूवर वर्षातून एकदा घ्यायची लस मिळते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नव्हते. त्याची किंमत आम्ही गेल्या साली मोजली.

गेल्या जुलैच्या अखेरीस आमची आडसाली लागण तोंडावर आली होती. सऱ्या पाडून झाल्या होत्या, बेणे सांगून ठेवले होते. त्याच आठवड्यात धाकट्या मुलाने शाळेतून ताप आणला आणि दोन दिवसांत घरातली पाच माणसे आडवी झाली. चौघे आठवडाभरात उठलो. ७२ वर्षांचे आमचे आबा मात्र उठेनात. "पावसाळी ताप आहे, जाईल आपोआप," म्हणून आम्ही तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी त्यांना धाप लागली. तपासणीत न्यूमोनिया निघाला आणि नऊ दिवस ते दवाखान्यात प्राणवायूवर होते. लागण तीन आठवडे लांबली, ते नुकसान आम्ही सोसले. पण रात्री खाटेशेजारी बसून आबांचा एकेक श्वास मोजताना जे वाटत होते, ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

फ्लू म्हणजे नुसते पडसे नव्हे. साधे पडसे नाकावर निभावते. फ्लूमध्ये एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो. धडधाकट माणूस त्यातून उठतो. परंतु म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले आणि मधुमेह, दमा, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेली माणसे यांच्या छातीत तो उतरू शकतो. १९१८ साली याच रोगाची जगभर साथ आली, तिला आपल्याकडची जुनी माणसे मानमोडी म्हणत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण ही साथच होती. अलीकडचे सांगायचे, तर २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. त्या वेळचा विषाणू नाहीसा झालेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूमध्येच मिसळून गेला आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याच्यावरचा भाग असतो.

यंदा मे महिन्यात आम्ही आबांना घेऊन तालुक्याच्या गावी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. दोघांनीही लस घ्यायची, असे ठरवून निघालो होतो. डॉक्टरांनी फ्रीज उघडला आणि म्हणाले, "आज एकच डोस शिल्लक आहे. नवा माल चार दिवसांनी येईल."

आबा लगेच म्हणाले, "मग याला टोचा. मला म्हाताऱ्याला काय करायचीय? लागणीचं समदं काम याच्या अंगावर हाय."

खरे सांगायचे, तर क्षणभर आम्हालाही ते पटल्यासारखे झाले. कर्ता माणूस पडला की शेत पडते, हा आपला हिशोब. डॉक्टर मात्र हसून म्हणाले, "आबा, गेल्या साली हा चार दिवस पडला अन् उठला. नऊ दिवस दवाखान्यात कोण होतं? अन् तुमच्यापायी शेत सोडून तिथं कोण बसला होता? लस तुम्हालाच."

यावर आबांना बोलायला जागा राहिली नाही. त्यांनी मुकाट्याने सदऱ्याची बाही वर केली.

टोचण्याआधी डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या. आज ताप आहे का? पूर्वी एखाद्या लशीने अंगावर गांधी उठल्या होत्या का, धाप लागली होती का? कोणती औषधे चालू आहेत? मग दंडावर अर्धा मिलिलिटरची सुई. आबा म्हणाले, "झालं? मुंगी चावल्यागत वाटलं." त्यानंतर अर्धा तास बाकावर बसवून ठेवले, कारण क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा लगेच दिसते. रात्री आबांचा दंड दुखला, दुसऱ्या दिवशी अंग जरा कसकसले आणि तिसऱ्या दिवशी ते बांधावर होते. चार दिवसांनी जाऊन आम्हीही टोचून घेतले.

बाकावर बसल्या बसल्या आम्ही आपल्या सभासदांच्या मनातल्या शंका डॉक्टरांना विचारल्या. लशीनेच फ्लू होतो काय? नाही, या सुईतला विषाणू मेलेला असतो. मग दरवर्षी कशाला? कारण हा विषाणू रूप पालटतो आणि लशीचा जोरही काही महिन्यांनी उतरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत कोणते विषाणू असावेत ते जाहीर करते. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही काय? तसेही नाही. लस चांगली जुळली, तर फ्लूपायी दवाखाना गाठावा लागण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. आणि लस घेऊनही ताप आलाच, तर तो छातीत उतरण्याचा धोका कमी राहतो. आमच्या आबांसाठी तेवढेही पुष्कळ आहे.

आता वेळेचे गणित. आपल्या राज्यात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या दिवसांत अधिक असतो, म्हणजे नेमका आडसाली लागणीच्या वेळेला. लस अंगी लागायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून एप्रिल-मे हा उत्तम काळ; राहून गेले असेल तर मृग निघण्याची वाट न पाहता आताच जावे. सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे कोणालाही ही लस चालते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लस २ ते ८ अंश सेल्सिअस थंडाव्यात ठेवावी लागते. तेव्हा वेष्टनावरची मुदत पाहण्यास आणि "आमच्याकडे वीज जाते, तुमच्या फ्रीजचे काय?" असे विचारण्यास संकोच करू नये. खाजगी दवाखान्यात पैसे पडतात. गरोदर स्त्रिया आणि जोखमीचे आजार असलेल्यांसाठी सरकारी दवाखान्यात लस आहे काय, याची चौकशी आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जरूर करावी.

आपल्या बोलीत उसाचीही लागण होते आणि रोगाचीही. पहिली वेळेवर व्हावी, दुसरी होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. गोठ्यातली जनावरे टोचून झाली असतील, तर आता घरातल्या म्हाताऱ्यांचा आणि गरोदर लेकी-सुनांचा नंबर लावावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती. आणि दवाखान्यात एकच डोस शिल्लक असेल, तर तो कोणाला द्यायचा, हे आता सांगायला नको.