साठा बदलला, सेशन तेच?

बिल्ला आणि साठा

एचटीटीपीला मागची विनंती आठवत नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी त्यावर कुकीचा तोडगा काढला. देवळाबाहेर चपला ठेवून बिल्ला घ्यावा, तसा ब्राउझरकडे कुकीत सहसा फक्त आयडी राहतो आणि खरी माहिती, म्हणजे सेशन, सर्व्हरकडे. ती नेमकी कुठे ठेवायची, हे अॅपच्या कोडला ठाऊक असण्याचे कारण नाही.

जँगोची मांडणी

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये प्रोग्रामर सेशन साध्या डिक्शनरीसारखे वापरतो. साठा डेटाबेसमध्ये, कॅशमध्ये, फाइलमध्ये की सही केलेल्या कुकीत, हे सेटिंग्जमधली एक ओळ ठरवते. स्वतःचा साठा लिहायचा तर वाचणे, जतन करणे, पुसणे अशा मोजक्याच मेथड भराव्या लागतात. पीएचपीनेही ५.४ पासून सहा मेथडींचा असाच इंटरफेस दिला आहे.

मेथड सांगत नाहीत ते

सेटिंग्जमधली ती ओळ बदलली की वागणूकही बदलते, आणि खरी मेख इथेच आहे. सही केलेल्या कुकीतल्या माहितीत सहीमुळे फेरफार करता येत नाही, पण ती वाचता येते. कुणी तिची नक्कल करून ठेवली असेल, तर लॉगआउटनंतरही ती मुदत संपेपर्यंत चालते. शिवाय बहुतेक ब्राउझर एका कुकीत सुमारे ४०९६ बाइटच ठेवू देतात. कॅशसाठी वापरले जाणारे मेमकॅश्ड जागा संपली की जुन्या नोंदी टाकून देते. मग वापरणारा अचानक लॉगआउट! डेटाबेसमध्ये उलट तऱ्हा. मुदत संपलेल्या ओळी आपोआप जात नाहीत, त्यासाठी ‘क्लिअरसेशन्स’ ही कमांड ठराविक वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये लावावी लागते.

सगळ्यात फसवी गोष्ट कुलपाची. पीएचपीचा मूळ फाइल-साठा सेशनच्या फाइलला कुलूप लावतो, म्हणून एकाच माणसाच्या दोन विनंत्या रांगेत थांबतात. जँगो असे कुलूप लावत नाही. दोन टॅबमधून एकदम खरेदीच्या यादीत वस्तू टाकल्या, तर शेवटी जतन झालेली प्रत उरते आणि पहिली वस्तू गायब होऊ शकते.

आत काय ठेवावे

जँगोने १.६ पासून सेशनची माहिती साठवण्यासाठी पायथनच्या पिकलऐवजी जेसन हे डिफॉल्ट स्वरूप केले, कारण कुकी-साठ्याची गुप्त किल्ली फुटली तर पिकलमधून परका कोड चालवता येई. जेसनमध्ये डिक्शनरीतली आकड्याची ‘की’ पुढच्या विनंतीत मजकूर होऊन परतते, हे ध्यानात असू द्या.

चाचणी

जँगोच्या स्वतःच्या चाचण्यांत एकच सामाईक संच वेगवेगळ्या साठ्यांवर चालवला जातो. नवा साठा लिहिणाऱ्याने तो संच आधी चालवावा आणि दोन विनंत्या एकदम पाठवणारी आपली एक चाचणी त्यात जरूर घालावी.