दहा इंची चाक आणि आशागडचा रस्ता

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की आशागडवरून गंजाड आणि पुढे चारोटीकडे जाणारा रस्ता लागतो. स्कूटर पारखायला याहून बरा रस्ता मला माहीत नाही. आधी बाजाराची गर्दी, मग चिकूच्या वाड्यांच्या बाजूने जाणारा सपाट तुकडा, गंजाडच्या पुढे चढउतार आणि वळणं, शेवटी मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे ट्रक. फाट्यावरून पाड्याकडे वळलं की डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. पावसाळ्यात मधल्या फरशीपुलावरून पाणी वाहतं. शिवाय तलासरीच्या बाजूने गुजरात आणि सिल्वासा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एमएच-४८च्या जोडीला जीजे-१५ आणि डीएन-०९च्या पाट्याही इथे रोज दिसतात. एखादं नवं मॉडेल आलं की तिन्ही बाजूंची मतं एकाच चहाच्या टपरीवर गोळा होतात.

ही मतं दोन जातीची. काही डोळ्यांनी बनवलेली, काही कमरेने. पोरं दिवा, रंग आणि आवाज यावर बोलतात. ज्यांना रोज वांगाव किंवा कासा गाठायचं असतं ती माणसं शॉकअपवर बोलतात. दोघांचं सहसा जमत नाही. मला मात्र ही भांडणं फुकटची वाटतात. स्कूटरचं रूप म्हणजे तिच्या वजनाची आणि चाकांची मांडणी. रूप नीट पाहिलं तर गाडी कशी चालेल ते किल्ली फिरवायच्या आधी कळतं. अडचण एवढीच, की कंपन्यांनी गेली वीसेक वर्षं आपली नजर पुढच्या दिव्यावर अडकवून ठेवली आहे आणि चाक बघायचं राहून गेलं आहे.

सुरुवात चेतकपासूनच करावी लागेल. बजाजने १९६० साली इटलीच्या पिआज्योशी करार करून वेस्पा बनवायला घेतली. १९७१मध्ये करार संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, अंगकाठी वेस्पाची. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनणारी प्रिया ही तिची बहीण. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची ती याच गाड्यांसाठी. त्यामुळे चेतक सुंदर आहे का, असा प्रश्न त्या पिढीने विचारलाच नाही. जी मिळते ती सुंदर, असा तो काळ.

पण ती खरोखर सुंदर होती, आणि त्याला कारण होतं. मूळ वेस्पा १९४६ साली कोर्रादिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याने आखली. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे: साखळीचं तेल कपड्यांना लागतं, टांग टाकून बसावं लागतं, पंक्चर झालं तर चाक निघता निघत नाही. म्हणून त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, इंजिन थेट मागच्या चाकाशी आणून साखळी काढून टाकली, पायांसमोर पत्रा उभा केला आणि मधली जागा मोकळी ठेवली. त्या फुगीर पोटात नटवेपणा काही नाही. उजव्या पोटात इंजिन, डावं पोट बरंचसं पोकळ.

त्या पोटातच तिच्या चालीचा दोष होता. इंजिन एका बाजूला म्हणजे वजन एका बाजूला. चेतक हात सोडून सरळ चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. चालवणारे नकळत अंग थोडं डावीकडे टाकून बसत आणि त्याची त्यांना इतकी सवय होई की पुढे मोटारसायकलवर बसल्यावर तीच तिरकी वाटे. मुंबईत एपीआय कंपनीने बनवलेल्या लॅम्ब्रेटाचं इंजिन मधोमध होतं, तोल चांगला होता. पण गाडी जड. आपल्याकडे बाजी मारली ती चेतकनेच. माझ्या मते कारण साधं आहे: ती कोणालाही खोलता येई. मागे स्टेपनी असे, चार-पाच नट सोडले की चाक बदललं. पंक्चरवाला आठ-दहा किलोमीटरवर असलेल्या मुलखात हे रूपापेक्षा मोठं.

किक मारण्याआधी चेतक तिरकी करणं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं, डाव्या मुठीत चार गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक. या सगळ्या कवायतीने स्कूटर पुरुषाची करून ठेवली होती. गंमत अशी, की दास्कानिओने मधली मोकळी जागा स्कर्ट घालणाऱ्या बायकांचाही विचार करून ठेवली. आपल्याकडे साडी नेसलेल्या बाया त्या जागेमागे बसल्या नाहीत. त्या मागच्या सीटवर एका अंगाला बसल्या, आणि पुढे मोकळ्या जागेत उभा राहिला मुलगा. एका बाजूला जड इंजिन, त्यावर एका अंगाला बसलेली बाई. या गाडीने एवढ्यात तोल सांभाळला हेच आश्चर्य.

लुनाचा उल्लेख न करता पुढे जाता येत नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२मध्ये काढलेली ही पन्नास सीसीची पॅडलची गाडी स्कूटर नव्हतीच, पण मोठ्या, बारीक चाकांमुळे खराब रस्त्यावर ती चेतकपेक्षा शहाणी चाले. तिची चेष्टा झाली ती रूपावरून.

१९८४ची कायनेटिक होंडा हा खरा फाटा. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, क्लच नाही, पट्ट्यावर चालणारी गाडी, अंग फायबरचं. चेतकवाल्यांनी तिला खेळणं म्हटलं. पण शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बाया स्वतः गाडी चालवू लागल्या त्या प्रामुख्याने या गाडीपासून. पुढे नव्वदच्या दशकात स्कूटी आली आणि मुली कॉलेजला स्कूटीवरून जाऊ लागल्या. चेतकच्या पिढीला हे पोरकट वाटलं. बजाजने गिअरशिवायच्या स्कूटरकडे उशिरा लक्ष दिलं आणि २००९पर्यंत स्कूटरचा धंदाच गुंडाळला.

मैदान मोकळं होत होतं त्यात अ‍ॅक्टिव्हा आली. २००१च्या सुमारास रस्त्यावर दिसू लागली तेव्हा ती देखणी नव्हती, आजही नाही. तिच्या चेहऱ्याबद्दल कोणी कविता करणार नाही. पण होंडाने एक गोष्ट बरोबर ओळखली: चेतक सोडून येणाऱ्या माणसाला गिअर नकोत, पण पत्रा हवा. पत्र्याच्या अंगावर टकटक करून गिऱ्हाईक समाधान पावलं. इथे आशागडात आणि डहाणूच्या किनाऱ्यावर मतं फिरतात ती यावरूनच. किनाऱ्यावर खारं वारं पत्रा खातं, दोन पावसाळ्यांत तळ गंजायला लागतो. तिथला माणूस फायबरची डिओ किंवा स्कूटी घेतो. आत वाड्यांकडच्या माणसाला वाटतं, पत्रा चेपला तर डेंटिंगवाला ठोकून देईल, फायबर तडकलं की अख्खा भाग नवा आणा आणि त्याची क्लिपही मोडलेली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता चाकाबद्दल सविस्तर बोलू, कारण सगळा मामला तिथेच आहे. जुन्या अ‍ॅक्टिव्हाची दोन्ही चाकं दहा इंची. चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं आणि पलीकडच्या कडेला जास्त उभं आदळतं. मोठं चाक तोच खड्डा अर्धा ओलांडून जातं. शिवाय लहान चाक फिरताना स्वतःची दिशा कमी धरून ठेवतं. म्हणून बाजारात ती गाडी बोटावर वळते आणि महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हँडल थरथरतं. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकासोबतच वरखाली होतं, त्यामुळे मागच्या शॉकअपला स्वारासोबत इंजिनाचेही धक्के सोसावे लागतात. पुढचं टोक हलकं, मागचं जड. ओल्या मुरमावर पुढचं चाक आधी घसरतं ते याच कारणाने.

या चाकाकडे कंपन्यांचं लक्ष किती उशिरा गेलं पाहा. टीव्हीएसने वेगोला दोन्ही बाजूंना बारा इंची चाकं दिली आणि २०१३मध्ये ज्युपिटरला तीच. अ‍ॅक्टिव्हाच्या ११० सीसीच्या गाडीला पुढचं चाक बारा इंची आणि टेलिस्कोपिक शॉकअप मिळाले ते २०२०च्या सहाव्या पिढीत. मागचं चाक दहाचंच राहिलं. मधल्या काळात दिवे बदलले, रंग बदलले, क्रोमच्या पट्ट्या आल्या आणि गेल्या. मला विचाराल तर या वीस वर्षांतला खरा बदल तो दोन इंचांचा, पण शोरूममध्ये कोणी त्याकडे बोट दाखवत नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण सुझुकीच्या बर्गमन स्ट्रीटचं. २०१८मध्ये आलेली ही १२५ सीसीची गाडी दिसायला रुंद, आरामखुर्चीचा थाट, आणि मागचं चाक दहा इंची. हत्तीच्या अंगाला शेळीचे पाय, असं इथल्या पोरांनी पहिल्याच दिवशी म्हटलं. कंपनीने २०२२च्या अखेरीस बारा इंची मागच्या चाकाची आवृत्ती काढली आणि तीच गाडी अचानक प्रमाणात दिसू लागली. डोळ्याला जे खटकत होतं ते कमरेलाही खटकत होतं.

पायांपुढची सपाट जागा हा स्कूटरचा दुसरा जीव. मोटारसायकली आशागडात कितीही असोत, तांदळाचा कट्टा, गॅसचा सिलिंडर, चिकूचा क्रेट न्यायचा असेल तर घरातली स्कूटरच बाहेर निघते. आणि या ओझ्यात एक गुपित आहे. स्कूटरचं वजन मागे असतं. पायापुढे वीस-पंचवीस किलोचा कट्टा ठेवला की पुढचं चाक जमिनीला चिकटतं आणि गाडी रिकामी असतानापेक्षा शांत चालते. क्रेट आडवा बसला तर मात्र हँडल पूर्ण वळत नाही आणि गुडघे फाकवून बसावं लागतं, ते वेगळं. यामाहाच्या एअरॉक्सला मधे कणा आहे, सपाट जागाच नाही. ती चालायला सुरेख आहे, चौदा इंची चाकांवर वळणं घेते ते पाहण्यासारखं. पण चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाताना नारळ-हारांची पिशवी कुठे ठेवायची? एप्रिलिया एसआर १५०ला सपाट जागा होती, चौदा इंची चाकं होती. पण शॉकअप इतके कडक की खड्ड्यांचा पूर्ण हिशेब पाठीला मिळे. पोरांनी तिच्यावर प्रेम केलं, बापांनी घेऊन दिली नाही.

ओझ्याच्या बाबतीत सगळ्यांना मागे टाकणारी गाडी कोणी स्कूटर म्हणत नाही. टीव्हीएसची एक्सएल हंड्रेड. सोळा इंची चाकं, सीट काढता येते, वजनाने हलकी. दूधवाला, भाजीवाला, मासे विकणारा, सगळ्यांना ती पुरते. रूप म्हणून तिच्याकडे काही नाही आणि त्याची तिला फिकीरही नाही. कच्च्या रस्त्यावर, ओझ्यासकट, एनटॉर्क स्कूटरला मागे टाकताना मी तिला पाहिलं आहे. एनटॉर्क (२०१८) धारदार कोनांची, लढाऊ विमानांची आठवण करून द्यायला बनवलेली. सपाट डांबरावर ती मजेदार, यात वाद नाही. कॉलेजच्या पोरांनी तिला डोक्यावर घेतलं त्यात त्यांची चूक नाही. रूपासाठी गाडी घेणं हा वयाचा हक्क आहे.

उताराबद्दल मात्र पोरांनी ऐकावं. पट्ट्याच्या स्कूटरला गिअर नसतात. एक्सलेटर सोडून वेग उतरला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते; मग सगळा भार ब्रेकवर. चेतक दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली की इंजिन थोडंतरी धरून ठेवी, टू-स्ट्रोक असल्यामुळे फार नाही, पण थोडं. गंजाडच्या पुढच्या उतारांवर मागे माणूस आणि पुढे कट्टा घेऊन सारखा ब्रेक दाबत गेलं तर ड्रम तापतो आणि ब्रेक लागेनासा होतो. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचे झाले, डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हा नियम चांगला आहे. मुरमावर काहींना त्याची भीती वाटते, पण पुढचा वाटा थोडाच असतो. घाबरून करकचून दाबणाऱ्याला तोच वाचवतो.

पावसाळ्यात गाडी फरशीवरून नेताना आणखी एक गोष्ट. पट्ट्याच्या झाकणात पाणी शिरलं की पट्टा घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. इथले लोक पाणी चाकाच्या अर्ध्यावर आलेलं दिसलं की थांबतात. अर्धं म्हणजे किती, हे पुन्हा चाकावरच आलं.

आता विजेच्या गाड्या. २०२०मध्ये चेतक हे नाव परत आलं, पत्र्याचं अंग घेऊन, बॅटरीवर. जुन्या चेतकचे चाहते तिच्याकडे भावनेने बघतात. मी बघतो ते बॅटरीकडे. बॅटरी खाली ठेवली की वजन खाली येतं, गाडी वळणावर पक्की राहते. उतारावर मोटरच वीज बनवते आणि गाडीला धरते, म्हणजे चेतकच्या दुसऱ्या गिअरमधली ती पकड परत आली, तीही जास्त चांगली. पण बॅटरी पायांखाली घातलेल्या गाड्यांत जागा उंच होते, गुडघे वर येतात आणि कट्टा ठेवला की बसायची पंचाईत. ज्यांची मोटर मागच्या चाकातच बसवलेली असते त्यांचं मागचं टोक आणखी जड होतं आणि खड्डा आणखी जाणवतो. टीव्हीएसची आयक्यूब तशी आहे. शहरात तिच्यासारखी शांत गाडी नाही, पाड्याच्या रस्त्यावर ती जरा जास्तच बोलते. आणि मोटर असलेलं मागचं चाक काढायची वेळ आली तर नाक्यावरचा पंक्चरवाला वायरीकडे बघून आधी हात झटकतो. टायर ट्यूबलेस असल्यामुळे बहुतेक वेळा चाक काढावं लागत नाही, हे त्याचंही नशीब आणि गाडीवाल्याचंही.