कोणत्या प्रतीतली ओवी?

‘भाषा आणि जीवन’ किंवा ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकाकडे संशोधनलेख पाठवायचा, तर नव्या अभ्यासकाला विषयापेक्षा नियमांचीच धास्ती अधिक वाटते. शब्दमर्यादा, सारांश, तळटिपा, संदर्भसूची, युनिकोडमधले टंकलेखन ही सगळी कारकुनी आहे, खरे मोल विचाराचे, असे मग म्हटले जाते. मला हे पटत नाही. लेखाची संहिता सिद्ध करणे हा अभ्यासाचाच शेवटचा आणि सर्वांत कसोटीचा टप्पा आहे, कारण आपले विधान दुसऱ्याला तपासता येईल की नाही, हे तिथेच ठरते.

ज्ञानेश्वरीचेच पाहा. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची पाठशुद्धी केली. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत वेगळी आणि वारकऱ्यांच्या नित्यपाठातली साखरे महाराजांची प्रत वेगळी. ओव्यांची एकूण संख्या या प्रतींत सारखी नाही, शब्दरूपेही ठिकठिकाणी बदलतात. आता कुणी ‘ज्ञानेश्वरी, अध्याय सहावा’ एवढाच संदर्भ देऊन एखाद्या जुन्या क्रियारूपावर सिद्धान्त उभारला, तर वाचकाने तो पडताळायचा कसा? त्याच्या हातातल्या प्रतीत ते रूप नसेलही. संपादक, आवृत्ती, वर्ष, अध्याय आणि ओवीक्रमांक दिला, की सहमत होणाऱ्याला आणि वाद घालणाऱ्याला सारखाच आधार मिळतो. टंकाचेही तसेच आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रफार सरकतो, जोडाक्षर फुटते. उताऱ्यातल्या एका मात्रेवर युक्तिवाद उभा असेल, तर ही चूक किरकोळ राहत नाही. म्हणून युनिकोड वापरावा आणि सोबत पीडीएफही जोडावी.

लेखात स्वतःचे नाव दिसू नये, या नियमावर मात्र गंभीर आक्षेप घेतला गेला आहे. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या ‘पीएमएलए’ने 1980च्या सुमारास निनावी परीक्षणाची पद्धत स्वीकारली. पुढे 1988 मध्ये त्याच नियतकालिकात स्टॅन्ली फिश यांनी तिला विरोध केला. लेखाची गुणवत्ता लेखकाच्या विद्याक्षेत्रातल्या स्थानापासून वेगळी काढताच येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यात तथ्य आहे. पण हा युक्तिवाद ज्याचे नाव आधीच झाले आहे, त्याच्या सोयीचा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या अनोळखी प्राध्यापिकेला नाव झाकले गेल्यानेच समान संधी मिळते. त्यासाठी ‘माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे’ यासारखी वाक्ये बदलावीत आणि फाइलच्या माहितीत उरलेले नावही पुसावे.

दुसरा आक्षेप असा की, या साच्यामुळे निर्जीव लेखांचे पीक येते. ते येते, हे मान्यच करावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2018 मध्ये आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिके वगळली. पदोन्नतीसाठी लेखांची मोजदाद सुरू झाली, की पैसे घेऊन काहीही छापणारेही उभे राहतात. पण तिथे साचा असतो आणि तपासणी नसते, हा त्यातला खरा दोष आहे. त्यावर उपाय म्हणजे तपासणी कसोशीने करणे. त्यात संपादकांचाही वाटा आहे. लेखाची पोच वेळेवर द्यावी, नकार देताना परीक्षकाचा अभिप्राय कळवावा. लेखकानेही एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. परीक्षक बहुधा विनामोबदला वाचतात, त्यांचा वेळ फुकट घालवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून लेख पाठवण्यापूर्वी एक दिवस राखून ठेवा. मूळ पुस्तके समोर उघडा आणि प्रत्येक अवतरण अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जे ताडता येत नाही, ते लेखातून काढून टाका.