साखर उतरते तेव्हां

मधुमेह म्हणजे साखर वाढणें, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. औषध अधिक झाल्यास तीच साखर घसरून प्राणावर बेततें, हें आम्हांस आजोबांमुळें कळलें. एके सायंकाळीं गोळी घेतल्याचें विसरून त्यांनीं ती पुन्हां घेतली, आणि जेवण मात्र थोडेंच केलें. रात्रीं ते घामानें निथळूं लागले, हात कापूं लागले, व आम्हांस भलत्याच नांवानें हाका मारूं लागले. वय झालें, असें म्हणून आम्ही हंसलोंही! त्या हंसण्याची आम्हांस अजून लाज वाटते.

मातोश्रींनीं मात्र लगेच यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला. आंकडा आला ४८. रक्ताच्या १०० मिलिलिटरांत साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं घाम, कंप, धडधड व भूक या रूपानें शरीर हांक देतें. ५४ च्या खालीं मेंदूचेंच अन्न तुटूं लागतें. मग बोलणें भरकटतें, आणि उपाय न झाल्यास झटके येऊन शुद्ध जाते.

रोगी सावध असून त्यास गिळतां येत असेल, तर सुमारें १५ ग्रॅम ग्लुकोज, अथवा तीन चहाचे चमचे साखर, पाण्यांत विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें, आणि साखर चढली नसल्यास पुन्हां तेंच करावें. पेढा देऊं नये. त्यांतील स्निग्धांशामुळें साखर रक्तांत सावकाश उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत तर कांहींच घालूं नये, कारण तें श्वासनलिकेंत जातें. त्यास कुशीवर निजवून १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी. रुग्णालयांत ग्लुकोज शिरेवाटें देतात.

दोन पेले साखरपाण्यानें आजोबा ९२ वर आले आणि म्हणाले, "आतां मी ठणठणीत आहें, दवाखाना कशाला?" आम्हांसही तें पटलें. परंतु मातोश्रींनीं गोळ्या मोजल्या आणि त्यांना तसेंच रुग्णालयांत नेलें. खरी मेख येथेंच आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास लावतात, आणि त्यांचा अंमल दिवसभर, मूत्रपिंड दुबळें असल्यास त्याहूनही अधिक काळ, टिकतो. शिवाय शिरेंतून दिलेली साखर त्या स्वादुपिंडास आणखीच चेतविते. म्हणून साखर वारंवार उतरूं लागल्यास ऑक्ट्रिओटाइड नांवाचें औषध देऊन तें इन्शुलिन अडवितात. पहाटे आजोबांची साखर पुन्हां ५२ वर आली. त्या वेळीं ते घरीं निजलेले असते, तर कोणासही कळलें नसतें.

इन्शुलिन टोंचून घेणारांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे कुपींतील इन्शुलिन बहुधा मिलिलिटरास ४० एककांचें असतें, पेनांतील १०० चें. ४० च्या खुणांच्या सुईनें १०० चें औषध ओढलें, तर मात्रा अडीचपट होते.

आजोबा दोन दिवसांनीं घरीं आले. आतां त्यांच्या गोळ्या सात वारांच्या सात कप्प्यांत असतात, आणि उशाशीं ग्लुकोजचा डबा असतो. आमच्या धाकट्या बंधूमुळें तो महिन्यांतून दोनदां भरावा लागतो.