मिनार तेवढा वर राहिला

गाझिआन्तेप सोडले की मोटार दीड-दोन तास पिस्त्याच्या बागांमधून धावते आणि मग एका वळणावर एकदम खाली युफ्रेटिस दिसते. तुर्कस्तानात तिला ‘फिरात’ म्हणतात. शाळेत तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यावर आपण सगळ्यांनीच टिपा लिहिल्या आहेत. त्या टिपांमुळे माझ्या मनात एक गढूळ, रुंद, वाहती नदी होती. समोर पाहतो तो हिरवेगार पाणी, आणि तेही तळ्यासारखे निश्चल!

या निश्चलपणाचे कारण खालच्या अंगाला बिरेजिकला आहे. आग्नेय अनातोलियाच्या विकासासाठी तुर्की सरकारने आखलेल्या योजनेत २२ धरणे आणि १९ वीजकेंद्रे आहेत. त्यांपैकीच एक धरण तेथे २००० साली पुरे झाले. फुगलेल्या पाण्याने हाल्फेती या जुन्या गावाचा खालचा भाग गिळला. काही मंडळी वर, नव्या हाल्फेतीत गेली. उरलेले अर्धे गाव पिवळसर दगडाच्या घरांसह उतारावर अजून उभे आहे. नदीकाठच्या मशिदीच्या पायथ्याशी पाणी खेळते आणि गल्ल्या उतरत उतरत सरळ पाण्यात शिरतात.

आम्ही एक नाव ठरवली. नावाडी साठीचा, आणि इंग्रजी बोलणारा त्याचा भाचा बरोबर. मी मास्तर आहे हे कळताच नावाडी मला ‘होजाम’ म्हणू लागला, आणि आमच्या सौभाग्यवतींना ‘येंगे’. येंगे म्हणजे वहिनी! परक्या मुलखात दीर मिळाल्याने सौ. खूश झाल्या. मला तर शब्दांचेच घबाड सापडले. शेहिर, दुक्क्यान, हावा, हेसाप! आपले शहर, दुकान, हवा, हिशेब. फारसी-अरबीने दोघांच्याही घरी पाहुणचार घेतलेला. तेव्हा अडले की एखादा शब्द टाकून पाहावा, दहांत चार तरी लागू पडत.

वरच्या अंगाला रुमकालेचा किल्ला लागतो. तीन बाजूंनी पाणी आणि वर सरळ उठलेला कडा. ११४९ पासून १२९२ पर्यंत आर्मेनियन चर्चच्या प्रमुखाचे पीठ येथे होते. नेर्सेस श्नोर्हाली हा संतकवी त्या पीठावर बसला. तेराव्या शतकात तोरोस रोस्लिन या चित्रकाराने याच कड्यावर बायबलच्या पोथ्या सोन्या-रंगांनी सजवल्या. १२९२ साली मामलूक सुलतानाने किल्ला घेतला आणि ते सारे संपले. मात्र धरणाला काही किल्ला घेता आला नाही. राजे आणि धर्मगुरू उंचावर राहतात. पाण्याशी घरे बांधतात ती पाणी भरणारी माणसे. बुडायची पाळी येते ती त्यांच्यावर.

पुढे सावाशान. या खेड्याची मशीद पाण्याखाली आहे, मिनार तेवढा वर राहिला आहे. आजूबाजूच्या नावांतून फोटो निघत होते, कुठे गाणे लागले होते. आमच्या नावाड्याने परतताना एके ठिकाणी यंत्र बंद केले, पाण्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “एव.” घर. मग थोड्या वेळाने, “मेमलेकेत.” या शब्दाला भाच्याची गरज लागली नाही. आपला ‘मुलूख’ आणि तो ‘मेमलेकेत’ एकाच अरबी धातूची लेकरे.

सौ.नी विचारले, “निघताना काय काय नेलेत?”

“दारे, खिडक्या, तुळया. आणि गुलाब.”

हाल्फेतीचा काळा गुलाब प्रसिद्ध आहे. खरे तर तो गडद किरमिजी; कळीत मात्र काळाच भासतो. येथील माती आणि नदीकाठची हवा यांचा तो गुण, असे म्हणतात. त्याच्या बायकोने रोप वर नेऊन लावले. ते जगले, पण फुले लाल येऊ लागली.

“पूर्वी तुमच्याकडे प्रवासी येत?” मी विचारले.

तो हसला. “बुडाल्यावर येऊ लागले, होजाम. माझी नाव घराच्या छपरावरून जाते, त्याचेच पैसे मिळतात.”

माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी असतो, ज्याच्या गावाच्या नावापुढे ‘पुनर्वसन’ हा शब्द जोडलेला असतो. हजेरी घेताना मी तो सहज वाचून जातो. नावेत तो सहज वाटेना. मी नावाड्याला उजनी धरणाबद्दल सांगितले. भीमाकाठच्या पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ कसे बुडाले, आणि उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की कसे पुन्हा वर येते तेही सांगितले.

भाच्याचे भाषांतर पुरे होईपर्यंत तो माझ्याकडे पाहत राहिला.

“वर येते? मग लोक आत जातात?”

“जातात. लांबलांबून येतात.”

“आमचे पाणी उतरत नाही,” तो म्हणाला, आणि यंत्राची दोरी ओढली.