वैमानिकाचा नकार

शेजारच्या मुलाने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला, तोवर त्याच्या वडिलांची गावाकडची जमीन विकून झाली होती. परवाना हातात आल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एखाद्या मोठ्या विमान कंपनीच्या भरतीची वाट पाहायची, किंवा एका उद्योगसमूहाच्या आठ आसनी विमानावर लगेच सहवैमानिक म्हणून रुजू व्हायचे. मी स्वतः कधी विमान चालवलेले नाही. विमानवाहतुकीचा इतिहास वाचण्याचा पंचवीस वर्षांचा नाद, एवढेच माझे भांडवल. तरी त्याने विचारले, ‘काका, यातले चांगले कोणते?’ पगारांची तुलना त्याने आधीच केली होती. मला सापडलेले उत्तर पगाराच्या तक्त्यातले नव्हते.

हे दोन व्यवसाय एके काळी वेगळे नव्हतेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. वाटेत रेडिओचे मार्गदर्शन नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. हवा पाहणे, वाट ठरवणे, उडायचे की थांबायचे हे ठरवणे, सारा भार वैमानिकावरच असे.

विमान कंपन्या वाढल्या तशी ही कामे वाटली गेली. आज नियमित प्रवासी सेवेत मार्ग आणि इंधनाचा हिशेब जमिनीवरचा डिस्पॅचर मांडतो, सामान आणि प्रवासी दुसरे लोक सांभाळतात, आणि कोणी कधी उडायचे हे रोस्टर सांगते. अंतिम निर्णय कॅप्टनचाच. पण त्याच्यामागे एक यंत्रणा उभी असते. खासगी किंवा भाड्याच्या विमानावर मात्र १९३२चे बरेच काही शिल्लक आहे. विमान मालकाच्या वेळेने उडते. लहान धावपट्टीची चौकशी, परवानग्या, इंधन, प्रवाशांच्या बॅगा, कधी त्यांचे खाणेसुद्धा वैमानिकच पाहतो. मग मालकाची बैठक संपेपर्यंत तासन्‌तास थांबून राहतो. नवनवी ठिकाणे आणि स्वतः निर्णय घेण्याची सवय ही या वाटेची कमाई.

तासांचे गणित मात्र कठोर आहे. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० उड्डाणतास लागतात. मोठ्या विमानाचा कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १५००. मधले १३०० तास भरायचे. नियमाने वर्षाला जास्तीत जास्त १००० तास उडता येते. विमान कंपनीत वर्षाला ७०० तास मिळाले असे धरले, तर दोन वर्षांच्या आत ते भरतील. उद्योगपतीच्या विमानावर २५० मिळाले, तर पाच वर्षांहून अधिक लागतील. शिवाय परवान्यावर विमानाच्या प्रकाराची वेगळी नोंद लागते. एअरबस ए-३२० ची नोंद अनेक कंपन्यांत उपयोगी पडते. एखाद्या दुर्मीळ जेटची नोंद ते जेट विकले गेले की फारशी कामाची राहत नाही.

मोठी कंपनी म्हणजे कायमची नोकरी, असेही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. तेव्हा सुरक्षित नोकरी हा निकष दोन्हीकडे लंगडा पडतो.

मला खरा निकष दोन अपघातांच्या चौकशी अहवालांत दिसला. २९ मार्च २००१ ला अमेरिकेत कोलोरॅडोतील अ‍ॅस्पेन येथे भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट कोसळून १८ जण गेले. प्रवासी उशिरा आले होते, डोंगरात अंधार पडत होता, आणि तिथे रात्री उतरण्यावर निर्बंध होता. विमान भाड्याने घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा कॅप्टनवर आलेला दबाव हेही अपघाताला हातभार लावणारे कारण होते, असे अमेरिकी तपास यंत्रणेने नोंदवले. दुसरा अपघात आपल्या मंगळुरूचा. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात १५८ जणांचा अंत झाला. उड्डाणाचा बराच काळ कॅप्टन झोपलेला होता. उतरताना सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगितले. ते ऐकले गेले नाही.

पहिल्या ठिकाणी नकार गिऱ्हाइकासमोर उभा राहू शकला नाही. दुसऱ्या ठिकाणी थकवा आणि अधिकाराची उतरंड यांच्यासमोर. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे, त्याचा चेहरा वेगळा. खासगी विमानात ‘नाही’ म्हणायचे ते मागच्या आसनावर बसलेल्या, आपला पगार देणाऱ्या माणसाला, तोंडावर. विमान कंपनीत ते वेळापत्रकाला आणि वरिष्ठाला म्हणायचे असते. तिथे निदान नियमांचा आधार असतो. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे नियम जाहीर केले. थकव्याला असा आकडा लावता येतो. मालकाच्या नाराजीला लावता येत नाही. तिथे सगळे त्या मालकावर आणि शेजारच्या आसनावरच्या कॅप्टनवर अवलंबून.

म्हणून त्या मुलाला मी एकच सुचवले. मुलाखतीत पगाराआधी विचार, की खराब हवेमुळे तुमचे विमान शेवटचे कधी परत फिरले किंवा उडालेच नाही, आणि मालक त्यावर काय म्हणाले?

त्याने खरेच विचारले. समोरच्या कॅप्टनने डायरी उघडून दोन तारखा वाचून दाखवल्या. दुसऱ्या वेळी मालक चिडले होते, हेही सांगितले. ‘पण संध्याकाळी त्यांनी स्वतः गाडी मागवली आणि रस्त्याने गेले,’ ते म्हणाले.

मुलगा तिथेच रुजू झाला. तास हळूहळू भरताहेत.